अ‍ॅम्प्लिफायरमधला आखाजीचा झोका

भुसावळच्या भाच्याने व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) गिटार अ‍ॅम्प्लिफायर घरीच जोडला. ईएल-८४ व्हॉल्व्हची जोडी, ताकद १५ वॉटच्या आसपास. चाळीतल्या खोलीत व्हॉल्व्हचे १५ वॉट म्हणजे शेजारी काठी घेऊनच येणार, म्हणून पठ्ठ्याने ताकद उतरवणारं सर्किटही बसवलं. पूर्ण ताकदीवर आवाज झकास. नॉब अर्ध्यावर आणला, की प्रत्येक सुराच्या शेपटीला खरखर चिकटायची. गिटार भिंतीला टेकवून ठेवली तरी त्या सर्किटमधल्या मॉसफेटचा (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचा) हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, भाजेल इतका तापायचा. "काय व्हयनं भो?" म्हणत मी मल्टिमीटर काढला, तर आकडा एका जागी थांबेना.

या सर्किटचं काम सोपं आहे. व्हॉल्व्हचा ३०० व्होल्टचा पुरवठा मॉसफेटमधून जातो. नॉबने गेटला, म्हणजे मॉसफेटला हुकूम देणाऱ्या पायाला, जेवढे व्होल्ट द्याल, त्याहून तीन-चार कमी पुढे मिळतात. व्होल्ट निम्मे केले की वॉट साधारण पाव होतात. उरलेले व्होल्ट मॉसफेट उष्णतेत घालवतो, त्यामुळे थोडा तापणारच. पण इतका?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाला बांधलेला झोका आठवा. मागून जरासाच धक्का, पण नेमक्या वेळी बसत गेला, की झोका चढत जातो. सर्किटचंही तसंच. बाहेर पडलेल्या संकेताचा थोडा भाग योग्य वेळी, पुरेशा जोराने परत आत शिरला, की ते आपोआप डोलू लागतं. ही अट जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन यांनी १९२१ मध्ये मांडली. लग्नाच्या मांडवात माइक शिट्टी मारतो तो याच कारणाने.

भाच्याच्या डब्यात झोक्याची दोरी होती नॉबपासून गेटपर्यंतची वीतभर वायर. सरळ वायरचं इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री, म्हणजे २० सेंटिमीटरला २०० च्या घरात. गेटची कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) हजारभर पिकोफॅरड. दोन्ही मिळून डोलण्याची गती निघते १० मेगाहर्ट्झच्या आसपास. कानाला ते ऐकू येत नाही. कानाला येते ती त्याने सुरात केलेली लुडबुड. धक्का देणारा मॉसफेटच: त्याच्या पुढे कॅपॅसिटर जोडला, की काही फ्रिक्वेन्सींवर गेटकडून तो ऋण रोधासारखा वागतो. ऊर्जा खाण्याऐवजी पुरवतो.

विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप नव्हता. मग जुना रेडिओ शॉर्ट वेव्हवर लावून शेजारी ठेवला. नॉब अर्ध्यावर येताच काट्याच्या एका जागी रेडिओची सळसळ दबली आणि घुर्रर्र सुरू झालं. चोर सापडला.

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लग काढला. तरीही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट दबा धरून असतात, म्हणून ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने शून्य पाहिल्यावरच आत हात घातला. २२० ओमचा रेझिस्टर थेट गेटच्या पायाला डाग देऊन जोडला. वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नसतो. झोका थांबवायचा तर पाय बसणाऱ्यानेच जमिनीला घासायचा. गेटमधून करंट जवळपास जातच नाही, त्यामुळे व्होल्ट तेवढेच राहिले.

पुन्हा चालू केला, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. रेडिओ आपला एकसारखा सळसळत राहिला.