रास्किट (अल्बम) : समीक्षकांचा कौल

ब्रिटिश रॅपर डिझी रास्कल (मूळ नाव डिलन मिल्स, जन्म १८ सप्टेंबर १९८४) याचा सहावा स्टुडिओ अल्बम. डर्टी स्टँक आणि आयलंड या लेबलांनी तो २१ जुलै २०१७ रोजी प्रकाशित केला. समीक्षकांनी त्याचे एकंदरीत चांगले स्वागत केले. मात्र ‘रास्किट’वरचे बहुतेक लेखन त्याच्या १६ गाण्यांइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, चौदा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका अल्बमविषयी आहे.

तो अल्बम म्हणजे ‘बॉय इन द कॉर्नर’. तोही २१ जुलैचाच, साल २००३. पूर्व लंडनच्या बो भागातल्या या मुलाला त्याच सप्टेंबरात वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठीचा मर्क्युरी पुरस्कार (२०,००० पौंड) मिळाला तेव्हा त्याचे वय १८ होते आणि स्पर्धेत रेडिओहेड व कोल्डप्ले होते. ग्राइम हा संगीतप्रकार (वेगवान इलेक्ट्रॉनिक ठेक्यांवरचे ब्रिटिश रॅप) पूर्व लंडनच्या बेकायदा रेडिओ केंद्रांबाहेर प्रथम ऐकू आला तो मुख्यतः या अल्बममुळे. पुढे डिझी नृत्यसंगीताकडे वळला. ‘डान्स विव मी’ (२००८), ‘बॉन्कर्स’ (२००९) अशी त्याची गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. २०१३चा ‘द फिफ्थ’ रॉबी विल्यम्स, जेसी जे, विल.आय.अॅम अशा पाहुण्यांनी भरलेला होता आणि समीक्षकांना तो फारसा रुचला नाही. दरम्यान ग्राइमला पुन्हा भरती आली. २०१६चा मर्क्युरी ग्राइम रॅपर स्केप्टाने नेला आणि मार्च २०१७मध्ये त्याच प्रकारातल्या स्टॉर्मझीचा पहिला अल्बम ब्रिटिश अल्बम यादीत अव्वल ठरला. ज्याने दार उघडले तोच घराबाहेर उभा, असे चित्र होते. ‘रास्किट’ ऐकण्याआधीच समीक्षकांच्या हाती कथानक तयार होते ते असे.

या अल्बमवर एकही पाहुणा कलाकार नाही. सर्वाधिक कौतुक झाले ते याचे आणि शब्दफेकीचे. ग्राइमचा ठेका साधारण मिनिटाला १४० मात्रांचा असतो. चार-चार मात्रांच्या १६ बारचे कडवे म्हणजे ६४ मात्रा, अर्थात जेमतेम साडेसत्तावीस सेकंद. तेवढ्यात श्वास, यमक आणि विनोद तिन्ही सांभाळायचे असतात. ‘स्पेस’ आणि ‘वॉट यू गॉना डू?’ यांत डिझी ते सहज करतो. ‘एव्हरीथिंग मस्ट गो’ आणि ‘स्लो युअर रोल’ या गाण्यांचीही आवर्जून दखल घेतली गेली. महागड्या इमारती उभ्या राहत असताना जुने लंडन रहिवाशांच्या हातून कसे निसटते, हा त्यांचा विषय आहे.

‘ग्राइमकडे परत’ हा शेरा मात्र जपून वाचावा. अल्बममधील बरेचसे ठेके ग्राइमपेक्षा ट्रॅप या अमेरिकी रॅपप्रकाराच्या जवळचे आहेत. घोटाळा होतो तो मात्रांच्या आकड्यामुळे. ट्रॅपही अनेकदा १४०च्याच आसपास लिहिला जातो, पण ऐकताना तो ७० वाटतो, कारण स्नेअर (ड्रमचा कडक फटका) दर बारमध्ये एकदाच, तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि मधली जागा बारीक हाय-हॅट (झांजांचे ठोके) भरून काढतात. ग्राइममध्ये बेस खरखरीत, तुटक असतो आणि स्नेअर अनपेक्षित जागी येऊन ठेक्याला धक्का देतो. हा फरक ज्यांनी ऐकला त्यांनी ‘रास्किट’ला पुनरागमन म्हणण्याऐवजी ‘जुना आवाज, परके ठेके’ अशी नोंद केली, आणि ती अधिक अचूक आहे.

दुसरा आक्षेप लांबीचा. समीक्षकाला प्रकाशनापूर्वी थोडेच दिवस अल्बम ऐकायला मिळतो. एकाच आवाजातील १६ गाणी, मध्ये कोणी पाहुणा नाही, म्हणजे उत्तरार्धात कान थकणारच. जी गोष्ट शिस्त म्हणून वाखाणली गेली तीच एकसुरीपणाचे कारण ठरली. तिसरा आक्षेप विषयांचा : नवे रॅपर, जुने हिशोब, आपले श्रेय आपल्याला न मिळणे. ही तक्रार दोन-तीन गाण्यांत धारदार वाटते, त्यानंतर कुरकुर.

गुणांचे आकडेही समजून घ्यावे लागतात. ब्रिटिश वृत्तपत्रे बहुधा पाचपैकी तारे देतात. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ त्यांचे शंभरपैकी गुणांत रूपांतर करते (चार तारे म्हणजे ८०) आणि प्रकाशनांना कमीअधिक वजन देऊन सरासरी काढते. तेथे ६१ ते ८० हा पट्टा ‘सर्वसाधारण अनुकूल’ मानला जातो आणि ‘रास्किट’ त्यात बसतो. पण तीन तारे म्हणजे रूपांतरानंतर ६०, आणि हा गुण ‘संमिश्र’ गटात जातो. वृत्तपत्रात तीन तारे देणाऱ्याला बहुतेक वेळा ‘ठीक आहे, ऐका’ एवढेच म्हणायचे असते. त्यामुळे सरासरीपेक्षा मजकूर वाचलेला बरा.

अनुकूल समीक्षांचा विक्रीवर फारसा परिणाम दिसला नाही. ब्रिटिश अल्बम यादीत ‘रास्किट’ दहाव्या क्रमांकापर्यंत पोचला, आणि समीक्षकांना न रुचलेला ‘द फिफ्थ’ही दहाव्याच. २०१७च्या मर्क्युरीच्या अंतिम यादीत स्टॉर्मझी, जे हस आणि लॉयल कार्नर असे रॅपर होते, ‘रास्किट’ नव्हता.

ऑक्टोबर २०२०मध्ये डिझीचा पुढील अल्बम ‘ई३ एएफ’ आला. ई३ हा बो भागाचा टपाल विभाग. या वेळी केनो, गेट्स, डी डबल ई असे ग्राइममधलेच सहकारी त्याच्यासोबत होते, आणि ‘मुळांकडे परत’ हे शब्द समीक्षांत पुन्हा उमटले.