भिजलेली पुस्तकं आधी गोठवा

फेब्रुवारी १९८८मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली. जळाली सुमारे ४ लाख पुस्तकं. पाणी आणि उष्णता यांचा फटका बसला ३६ लाखांना. आग विझवायला मारलेलं पाणी पुस्तकांवर उलटतं ते असं.

बुरशीचे बीजाणू कागदात एरवीही असतातच. ओल आणि ऊब मिळाली की साधारण ४८ तासांत ते रुजतात. कागदही पाणी भरपूर पितो. १८४०पूर्वीचं पुस्तक स्वतःच्या वजनाच्या सरासरी ८० टक्के पाणी शोषतं. मग पानं फुगतात आणि शिवण तुटते. गच्च भरलेल्या कपाटातली पुस्तकं तर फळीत इतकी आवळून बसतात, की ओढली तर कणाच हातात येतो.

इतकी पुस्तकं दोन दिवसांत वाळवणं अशक्य, म्हणून ती गोठवायची. मिटलेलं ओलं पुस्तक उघडू नका, चिखल पुसू नका. घासल्यानं तो धाग्यांत मुरतो. पुस्तक बटरपेपरात गुंडाळून, कणा खाली ठेवून, क्रेटमध्ये एकाच थरात, थोडं सैलसर लावा. मग उणे १८ अंशांच्या शीतगृहात. कोकणात मासळीची शीतगृहं आहेत. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत बुडालं. अशा गावात शीतगृहवाल्याशी बोलणी पावसाळ्याआधीच झालेली बरी.

गोठवल्यानं बुरशी मरत नाही, नुसती थांबते. शाई पसरायचीही थांबते. पुढे निर्वात कक्षात दाब ६ मिलिबारच्या खाली नेला की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. पाणीच नाही, तर पानं चिकटणार कशी?

मोजकीच पुस्तकं असतील तर पंख्याखाली वाळवा. दर २०-२५ पानांनंतर टीपकागद घाला, ओला झाला की बदला. मात्र एका वेळी जास्त कोंबले तर बांधणी फाटते. कडक ऊन नकोच, पुठ्ठे वाकतात.

सगळ्यात हट्टी आर्ट पेपर, म्हणजे चित्रं छापायचा गुळगुळीत, चकचकीत कागद. त्यावरचा चिनी मातीचा लेप ओला असताना गोंदासारखा वागतो आणि वाळला की सगळ्या पानांची एक वीट होते. म्हणून सचित्र ग्रंथ काही तासांच्या आत, ओले असतानाच, सर्वांत आधी शीतगृहात पाठवायचे.