बालगृहातल्या मुलांचे फोटो काढायचेत? आधी परवानगी कुठून घ्यायची ते वाचा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांतून अनाथ मुलांवर छायाचित्र-मालिका करायची म्हणून कॅमेरा घेऊन निघालेले अनेकजण मला विचारतात, "बालगृहाच्या अधीक्षकांनी हो म्हटलंय, आता काढू ना?" नाही. तेवढ्यावर काढू नका.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ सांगतं की ज्या मुलाची चौकशी चालू आहे, त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही, फोटोही नाही. मोडलंत तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं आहे असं वाटलं तर चौकशी करणारी बाल कल्याण समिती लेखी कारणं नोंदवून सूट देऊ शकते. म्हणून अर्ज समितीकडे करायचा, ज्या जिल्ह्यात मूल आहे तिथल्या. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल लैंगिक गुन्ह्यातलं पीडित असेल तर मात्र समितीची परवानगीही पुरत नाही; पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे ती विशेष न्यायालयच देऊ शकतं.

"मूल स्वतःच तयार आहे" हेही पुरेसं नाही. बाल न्याय अधिनियमाच्या मूलतत्त्वांत म्हटलंय की मुलाचा कुठलाही हक्क सोडून देता येत नाही, ना मुलाला, ना त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. नऊ वर्षांचं पोर कॅमेऱ्याकडे बघून हसतं, पण एकोणिसाव्या वर्षी नोकरीच्या ठिकाणी तो फोटो त्याच्यासमोर येईल याचा अंदाज त्याला कसा असणार?

अर्ज साध्या कागदावर लिहा. सोबत ओळखपत्र, काम देणाऱ्या संस्थेचं पत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला, अधीक्षकांचं ना-हरकत पत्र आणि कामाचा एक पानी तपशील जोडलात तर समितीला निर्णय घेणं सोपं जातं. तपशिलात फोटो कुठे छापणार, किती वर्षं ठेवणार, मूळ फाइली कोणाकडे राहणार, हे स्पष्ट लिहा. आधीच्या कामाचे चार-पाच नमुने द्या, चेहरा न दाखवता काढलेले असतील तर उत्तम. "टाकून दिलेलं मूल" असं अर्जात लिहू नका. "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल" हे कायद्याचे शब्द वापरा. अर्जाची एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या.

आजीकडे वाढणारं अनाथ मूल समितीपुढे आलेलं नसेल, तर आजीची लेखी संमती घ्या, मराठीत किंवा कोंकणीत, वाचून दाखवून. नियम मात्र तेच पाळा.

गोव्यातले गाव लहान. चेहरा लपवला तरी मूल ओळखू येतं. माझाच एक फोटो असा गेला: पाटीवर लिहिणारा हात, प्रकाश सुरेख, आणि मागे खिडकीतून अंगणवाडीचा फलक. तो मी पुसून टाकला. गणवेशाचा बिल्ला, देवळाची दीपमाळ, कदंब बसच्या थांब्याचं नाव, सगळं तपासा. मोबाईलच्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदलं जातं, तेही काढून टाका.

फिरताना एखादं मूल एकटं, बेवारस सापडलं तर कॅमेरा पिशवीत ठेवा आणि १०९८ ला फोन करा. चोवीस तासांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा.

परवानगी मिळाली की आदेश नीट वाचा आणि त्यातल्या अटींबाहेर एकही फोटो नको. मालिका छापण्याआधी निवडलेले फोटो मुलांना दाखवा. एखाद्याने "हा नको" म्हटलं तर कारण न विचारता काढून टाका. आणि त्यांच्या फोटोची छापील प्रत त्यांना द्या. एका मुलीने तिची प्रत पत्र्याच्या पेटीत, फ्रॉकच्या घडीखाली ठेवली होती. फोटोत तिचे फक्त हात आहेत, अबोलीचा वळेसर ओवणारे.