गरम रात्री आणि हलका गहू

मालव्याच्या रात्रींचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र मालव्याची, असं म्हणतात. उन्हाळ्यात दिवसा कितीही तापलं तरी पहाटे गच्चीवर पांघरूण ओढावं लागतं, हे इंदूरच्या मराठी घरांतून पाहुण्यांना हमखास सांगितलं जातं. पण थंड रात्रींचा खरा फायदा होतो तो इथल्या गव्हाला. सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यात दोन-पाच एकरांवर सोयाबीन आणि त्यामागून गहू घेणाऱ्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित फेब्रुवारी-मार्चच्या रात्री किती थंड राहतात यावर बरंचसं ठरतं.

हे कसं होतं, ते ओंबीच्या आत पाहिलं की कळतं. ओंबीत किती दाणे धरायचे हे फुलोऱ्यापर्यंत ठरून गेलेलं असतं. त्यानंतरचे पाचसहा आठवडे असतात ते दाणा भरण्याचे. हिरवं पान दिवसा साखर बनवतं, ती दाण्यात उतरते आणि तिथे तिचा स्टार्च होतो. दाणा दुधाळ होतो, मग चिकावर येतो, मग टणक. या काळात गव्हाला पंधरा ते वीस अंशांच्या आसपासची सरासरी मानवते. त्याच्या वर पारा चढला की रोप घाई करू लागतं. सरासरी तापमान एका अंशानं वाढलं, तर दाणा भरण्याचा काळ साधारण तीन दिवसांनी आखडतो. भरण्याचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, कारण साखरेचा स्टार्च करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेत मंदावतं. शिवाय रोप रात्रीसुद्धा श्वास घेतं आणि त्यासाठी दिवसाची कमाईच खर्च करतं. रात्र जितकी गरम, तितका हा खर्च मोठा. दुपारी पारा ३४ अंशांच्या वर गेला की पानं वेळेआधीच पिवळी पडतात. उत्तर भारतातल्या गव्हाच्या उपग्रह-चित्रांवरून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसलं होतं.

शेत लांबून बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही. पीक उभं असतं, ओंब्या भरगच्च वाटतात, सोनेरी रंगही येतो. फरक कळतो तो तळहातावर. इंदूरच्या छावणीच्या किंवा लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत लिलावाच्या वेळी ट्रॉलीपाशी उभं राहून बघा. व्यापारी आतपर्यंत हात घालतो, मूठभर गहू काढतो, तळहातावर पसरून अंगठ्यानं फिरवतो. चांगला दाणा टपोरा असतो आणि त्याची पाठ गुळगुळीत असते. उष्णतेत पिकलेल्या दाण्याच्या पाठीवर बारीक सुरकुत्या असतात आणि पोटावरची घळ खोल गेलेली असते. ‘दाना पतला है’ एवढं बोलून तो भाव फोडतो. त्या तीन शब्दांत पंधरा-वीस रात्रींचं तापमान आलेलं असतं. आपल्या घरी वर्षाचा गहू भरतानाही हे लक्षात येतं. बारीक दाण्यात सालाचा वाटा जास्त, म्हणून दळल्यावर कोंडा अधिक निघतो.

आता पैशाचं बघू. २०१७ साली जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. तिच्यानुसार जागतिक तापमान एका अंशानं वाढलं की गव्हाचं उत्पादन सरासरी ६ टक्क्यांनी घटतं. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण उत्पादनातली घट आणि उत्पन्नातली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांमधून बहुधा पहिलीच सांगितली जाते.

धरून चला, एका शेतकऱ्याचा एक हेक्टर गहू आहे, म्हणजे अडीच एकर. चांगल्या वर्षी ४० क्विंटल होतात. २०२५ च्या हंगामात केंद्राचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. राज्याचा बोनस बाजूला ठेवू. आले ९७,००० रुपये. त्याच हंगामासाठी सरकारनं धरलेला देशाचा सरासरी उत्पादन-खर्च, घरच्या माणसांच्या मजुरीसकट, क्विंटलमागे १,१८२ रुपये होता. म्हणजे ४० क्विंटलला ४७,२८० खर्च आणि ४९,७२० शिल्लक. आता दाणा बारीक पडला. हजार दाण्यांचं वजन ४५ ग्रॅमवरून साडेचाळीसवर आलं, बाकी सगळं तसंच. पीक ३६ क्विंटल. बियाणं, खत, वीज, मळणी यांतला एक रुपयाही कमी झालेला नाही, कारण मळणी सोडली तर हा खर्च बहुतेक दाणा भरायच्या आधीच झालेला असतो आणि मळणीला हार्वेस्टरवाला एकराचे पैसे घेतो, क्विंटलचे नाही. मग शिल्लक राहते ४०,०२०. पीक १० टक्क्यांनी घटलं, पण हातात येणारे पैसे जवळजवळ २० टक्क्यांनी. आणि जमीन खंडाची असेल, समजा हंगामाला २५,००० रुपये, तर शिल्लक २४,७२० वरून १५,०२० वर येते. ही घट ३९ टक्क्यांची. जमीन जितकी कमी आणि दुसऱ्याची जितकी जास्त, तितका हा फटका वाढत जातो.

बरं, हा गहू सगळा विकायचाही नसतो. घरची वर्षाची बेगमी आधी बाजूला काढावी लागते आणि ती पीक घटलं म्हणून कमी होत नाही. म्हणून तूट येते ती विकायच्या पोत्यांतच. दोन-पाच एकरवाला हा कोणी अपवाद नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली ८६ टक्के खातेदारी दोन हेक्टरांच्या आतली आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, त्यातले पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याला मजुरीच जास्त देते. पिकाच्या त्या ३,७९८ रुपयांवर गरम रात्र घाला घालते आहे.

२०२२ चा मार्च हा सरासरी कमाल तापमानाच्या हिशोबानं १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात उष्ण मार्च ठरला. त्या वर्षी केंद्राचा सुरुवातीचा अंदाज ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा होता. अखेरचा आकडा १० कोटी ७७ लाखांवर आला. युक्रेनच्या युद्धानं भाव हमीभावाच्या वर गेले होते, म्हणून पुष्कळांना वाटलं की शेतकऱ्याचं भरून निघालं. ज्याच्याकडे साठवायला जागा होती आणि थांबायची ऐपत होती, त्याचं निघालं असेल. छोटा शेतकरी सोसायटीचं कर्ज आणि घरातलं लग्नकार्य डोळ्यांसमोर ठेवून माल निघताच विकतो. शिवाय १३ मे रोजी निर्यातबंदी झाली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारी त्याच हिशोबानं १९०१ पासूनचा तोवरचा सगळ्यात उष्ण ठरला आणि मार्चमध्ये अवकाळी पाऊस नि गारा आल्या. कापणीला आलेल्या गव्हावर पाऊस पडला की त्याची चमक जाते, आणि बाट्या-बाफल्यांच्या कठिया, म्हणजे ड्युरम, गव्हात पांढुरके, पिठूळ दाणे दिसू लागतात, ज्याला पोटिया म्हणतात. सरकारी खरेदीत आकसलेले नि तुटके दाणे ६ टक्क्यांपर्यंतच चालतात. त्या वर्षी केंद्राला खरेदीचे निकष सैल करावे लागले होते.

गारपीट झाली की निदान पंचनामा होतो. गरम रात्रींचा कोणी पंचनामा करत नाही. पीक विमा योजनेत गव्हासाठी शेतकऱ्याला विमा रकमेच्या दीड टक्का हप्ता भरावा लागतो, आणि गारपिटीची वैयक्तिक खबर ७२ तासांत द्यायची सोय आहे. उष्णतेनं बारीक झालेल्या दाण्याची भरपाई मात्र सगळ्या गावच्या सरासरी उत्पादनावर ठरते. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला सत्तर, ऐंशी किंवा नव्वद टक्क्यांनी गुणायचं, त्याखाली पीक गेलं तरच पैसे. आपल्या वरच्या उदाहरणातली १० टक्के घट ऐंशीच्या पातळीला कुठेच पकडली जात नाही, आणि तिनं तर शेतकऱ्याची शिल्लक वीस टक्क्यांनी खाल्ली आहे. त्यात तापमान हळूहळू चढत राहिलं तर चांगल्या वर्षांची सरासरीच खाली सरकते आणि भरपाईचा उंबरठाही तिच्याबरोबर उतरतो. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात अन्यायाची वाटते.

शेतकरी हातावर हात ठेवून बसलेला नाही. इंदूरलाच भारतीय कृषी संशोधन संस्थेचं १९५१ पासूनचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथून निघालेले पुसा तेजस, पुसा मंगल हे कठिया वाण मालव्यात पेरले जातात, आणि पुसा अहिल्या हा उशिराच्या पेरणीत शेवटची उष्णता सोसणारा वाण आहे. दुसरा उपाय लवकर पेरण्याचा, म्हणजे मार्चच्या आत दाणा भरून जातो. पण त्यासाठी सोयाबीन लवकर निघायला हवं. जे.एस. ९५-६० सारखी तीन महिन्यांच्या आतली जात त्यासाठीच लोकांना आवडते. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला की तेही हुकतं, आणि वाफसा आल्यावर ट्रॅक्टर-पेरणीयंत्र आधी मोठ्या शेतात जातं, भाड्यानं घेणाऱ्याची पाळी नंतर. दाणा भरताना एक हलकं पाणी जादा दिलं तर शेतातली हवा थोडी गार राहते. पण मालव्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे आणि त्यात पाणी साठायला जागा बेताची. ‘पग पग नीर’, म्हणजे पावलोपावली पाणी, म्हणणाऱ्या मुलखात मार्चपर्यंत ट्यूबवेल दम तोडतात.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार, उत्सर्जन असंच चढं राहिलं तर शतकाच्या अखेरीस देशात उष्ण दिवस ५५ टक्क्यांनी आणि उष्ण रात्री ७० टक्क्यांनी वाढतील. म्हणून माझं म्हणणं असं की गव्हाच्या विम्यात रात्रीच्या किमान तापमानाला जागा मिळाली पाहिजे. हवामानावर आधारित विमा देशात २०१६ पासून नव्या रूपात आहे आणि शेजारच्या महाराष्ट्रात फळबागांना तो लागू आहे. तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की उत्पादनाच्या मोजणीची वाट न बघता भरपाई ठरते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत रात्रीचा पारा किती दिवस ठराविक अंशांच्या वर राहिला, एवढीच नोंद त्याला पुरते. त्यासाठी प्रत्येक पटवारी हलक्यात (तलाठ्याच्या सज्जात) एक भरवशाचं हवामान केंद्र हवं, आणि त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिले जायला हवेत.