पायथॉनचा कॉमा आणि आपले लाख-कोटी: थोडी पार्श्वभूमी

आकडे उजवीकडे टेकवून एकाखाली एक उभे करायचे, ही गरज फार जुनी. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच फॉरमॅट स्टेटमेंट होतं, एकूण जागा किती आणि दशांशानंतर किती ते आधीच सांगायचं. मग सी या भाषेतला प्रिंटएफ हा छापायचा हुकूम आला आणि ऑक, पर्ल, पायथॉन, बॅश या पुढच्या भाषांनी तोच उचलला. रुंदी १४, दशांश २ एवढं सांगितलं की कॉलम सरळ, यावर कुणाचं भांडण नाही.

भांडण आहे ते मोठ्या आकड्यात गट पाडणाऱ्या कॉमावरून.

२००८ मध्ये पायथॉन २.६ आणि ३.० मध्ये नवीन फॉरमॅट पद्धत आली पण त्यात कॉमा टाकायची सोपी सोय नव्हती. लोकेल मॉड्यूल, म्हणजे देश-भाषेप्रमाणे आकडे लिहायचे नियम वापरणारा भाग, होतं, पण हिशेबाचं काम करणाऱ्यांना ते किचकट वाटायचं आणि ही तक्रार खरीच होती. म्हणून २००९ मध्ये ठरलं की फॉरमॅटमध्ये नुसता कॉमा लिहिला तरी चालेल, ३.१ पासून ते चालूही झालं. फक्त गट कायम तीन-तीनचे. कॉमाऐवजी दुसरं चिन्ह हवं असेल तर नंतर रिप्लेस करून घ्या, असा त्यामागचा विचार. आता रिप्लेसने चिन्ह बदलतं, कॉमाची जागा नाही बदलत, आणि आपला प्रश्न तर जागेचाच आहे ना.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचा सिंकिंग फंडाचा (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशाचा) तक्ता घ्या. शिल्लक १२,३४,५६७.५० आहे, पायथॉन छापतो १,२३४,५६७.५०. कॉलम अगदी सरळ येतो, पण जनरल बॉडीत तो कागद हातात घेतलेल्या माणसाला बारा लाख चटकन दिसत नाहीत, त्याला अंक मोजत बसावं लागतं. ज्या कामासाठी कॉमा असतो तेच काम तो इथे करत नाही. सोय सोपी ठेवायची होती हे समजतं, पण गट कसे पाडायचे ते सांगायला एक जागा ठेवायला हवी होती, हे माझं ठाम मत आहे.

लोकेल वापरा की, असं उत्तर नेहमी मिळतं. लिनक्सवर भारतीय लोकेलमध्ये आधी तीन, मग दोन-दोन हा नियम आहेच. पण ते लोकेल मशीनवर बसवलेलं असावं लागतं, छोट्या काँटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या आटोपशीर, वेगळ्या पॅकेजमध्ये) बरेचदा नसतं, आणि सेट केलं की अख्ख्या चालू प्रोग्रॅमला लागू होतं. शिवाय फॉरमॅटमधला लोकेलचे नियम पाळणारा 'एन' हा प्रकार दशांश आकड्यांना 'जी' या दुसऱ्या प्रकारासारखा वागवतो, म्हणजे .२ लिहिलं तर दोन दशांश स्थळं नाही, दोन सार्थ अंक मिळतात आणि बारा लाखांचे होतात १.२ई+०६, म्हणजे १.२ गुणिले दहाचा सहावा घात. त्यापेक्षा लोकेल मॉड्यूलचं फॉरमॅट-स्ट्रिंग फंक्शन ग्रुपिंग चालू करून वापरलेलं बरं, आणि तयार स्ट्रिंगला मग रुंदी द्यायची.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचं बघा. २०१२ च्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या स्टँडर्डनंतर भारतीय इंग्रजीचा कोड दिला की लाख-कोटी आपोआप येतात.

पायथॉनमध्ये २०१६ ला एफ-स्ट्रिंग आल्या, म्हणजे मजकुरातच आकडा आणि त्याचा फॉरमॅट लिहायची सोय, लिहायला खूपच सुटसुटीत, कॉमाऐवजी अंडरस्कोरने गट पाडायची सोयही त्याच ३.६ मध्ये आली. २०२५ च्या ३.१४ मध्ये तर दशांशानंतरच्या अंकांचेही गट पाडता येऊ लागले. तेही तीन-तीनचेच, त्यामुळे नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या ऑफिसांत शेवटचे तीन अंक वेगळे काढून उरलेल्यांचे दोन-दोन करणारं घरचं फंक्शन अजून लिहावंच लागतं.