पुढील प्रवासाचा पुरावा

पर्यटक मुक्कामाची मुदत संपण्यापूर्वी देश सोडून जाणार आहे, असे दाखवणारे तिकीट, आरक्षण किंवा तत्सम कागद. व्यवहारात याला सरसकट 'रिटर्न तिकीट' म्हणतात, पण मायदेशीच परतले पाहिजे अशी अट बहुतेक ठिकाणी नसते. तिसऱ्या देशाला जाणारे तिकीटही चालते. मात्र तो देश आपल्याला आत घेईल, म्हणजे तिथला व्हिसा हातात आहे किंवा व्हिसाची गरजच नाही, हेही मग दाखवावे लागते.

हा पुरावा निरनिराळ्या टप्प्यांवर आणि निरनिराळ्या हेतूंनी मागितला जातो. व्हिसा अर्ज तपासणारा दूतावासातील अधिकारी त्यात अर्जदाराचा इरादा शोधत असतो. तिकीट हा त्याच्या दृष्टीने अनेक कागदांपैकी एक; नोकरी, कुटुंब, बँक खात्यातील शिल्लक, पूर्वीचे प्रवास यांच्याशी ते जुळते का, हे तो पाहतो. दहा दिवसांची रजा मंजूर आणि परतीचे आरक्षण दोन महिन्यांनंतरचे, असा अर्ज संशयात सापडतो. शेंगेन देशांच्या (म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या) २००९ च्या व्हिसा संहितेत, मुदतीत परतण्याचा इरादा दाखवणाऱ्या कागदपत्रांत 'परतीचे तिकीट किंवा त्याचे आरक्षण' असा उल्लेख आहे. यातला 'किंवा' अर्जदारासाठी मोलाचा, कारण व्हिसा मिळण्याआधी पूर्ण पैसे भरून तिकीट काढणे म्हणजे जुगारच. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी तर तिकीट लागतच नाही. उलट व्हिसा हाती येईपर्यंत ते काढू नका, असाच अधिकृत सल्ला असतो. तिथला कायदा अर्जदाराला स्थलांतरित होऊ इच्छिणारा धरूनच चालतो आणि तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे असते. ते काम एकट्या तिकिटाने होत नाही.

विमान कंपनीच्या चेक-इन खिडकीवर मात्र इराद्याची चर्चा नसते. तिथले उत्तर हो किंवा नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या 'टिमॅटिक' या माहितीसंचात प्रवाशाचे नागरिकत्व आणि गंतव्य देश यांनुसार अटी दिलेल्या असतात. त्यात पुढचे तिकीट आवश्यक असे दिसले आणि प्रवाशाकडे ते नसले, तर बोर्डिंग पास अडतो. या कडकपणामागे पैशाचा हिशेब आहे. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर पडते. आवश्यक प्रवासपत्रे नसलेल्यांना आणले तर दंडही होतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात सदस्य देशांना दिलेल्या पर्यायांपैकी एक म्हणजे माणशी किमान ३,००० युरो. त्यामुळे उतरल्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्याने कदाचित विचारलेही नसते असा कागद खिडकीवरचा कर्मचारी हट्टाने मागतो. व्हिसा न लागणाऱ्या प्रवाशालाही हा अडथळा चुकत नाही; फिलिपिन्समध्ये व्हिसाविना जाणाऱ्यांना परतीचे किंवा पुढचे तिकीट लागते. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत आणखी एक मेख आहे: पुढचा प्रवास कॅनडा, मेक्सिको किंवा जवळच्या बेटांवर संपत असेल आणि प्रवासी तिथला रहिवासी नसेल, तर ते तिकीट धरले जात नाही.

सर्वाधिक घोळ आरक्षण आणि तिकीट यांच्या फरकात होतो. आरक्षण झाले की सहा अक्षरांकांचा पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा संकेतांक, मिळतो, पण पैसे भरून तिकीट निघेपर्यंत ती जागा केवळ राखून ठेवलेली असते आणि मुदत उलटली की आपोआप रद्द होते. निघालेल्या ई-तिकिटाला तेरा अंकी क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे. अर्ज तपासायला आठवडे लागले आणि दरम्यान पीएनआर मेला, तर पडताळणीत काहीच सापडत नाही.

'डमी तिकीट' या नावाने विकले जाणारे कागद याच फटीत उगवले आहेत. त्यातले काही खरे, तात्पुरते आरक्षण असतात. काही निव्वळ बनावट पीडीएफ. दुसऱ्या प्रकाराला खोटा दस्तऐवज याखेरीज नाव नाही. तो सापडला की व्हिसा नाकारला जातोच, शिवाय पुढच्या अर्जांवरही डाग राहतो. सरळ मार्ग म्हणजे पूर्ण परतावा मिळणारे तिकीट. अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या उड्डाणांवर, प्रवासाला किमान सात दिवस असताना कंपनीकडून थेट घेतलेले आरक्षण चोवीस तास विनामूल्य राखता किंवा रद्द करता येते. ही सवलत चेक-इनसाठी उपयोगी पडू शकते, लांबणाऱ्या व्हिसा अर्जासाठी नाही.

विमान सोडून रस्त्याने किंवा समुद्राने पुढे जाणाऱ्यांची अडचण वेगळीच. बसचे किंवा बोटीचे तिकीट अनेक देशांना चालते, पण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ते पटेलच असे नाही. स्वतःच्या सायकलवर सीमा ओलांडणाऱ्याकडे तर दाखवायला तिकीटच नसते. न्यूझीलंडच्या नियमांत अशांना थोडी वाट आहे: पुढचे तिकीट नसले, तर ते विकत घेण्याइतके पैसे असल्याचा पुरावा पर्यटकाने दिला तरी चालतो.