तिसावा आठवडा : रुग्णालयातील रसायने, सिस्टर आणि गर्भ – पार्श्वभूमी

ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला दिवस राहिले, तर फॉर्मॅलिन किंवा सायडेक्स या जंतुनाशकांच्या कामावरून तिला कधी बाजूला करायचे? देशातल्या कायद्यात याचे उत्तर आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी सहा आठवडे मोजायचे, त्याच्याही आधीचा एक महिना धरायचा आणि त्या महिन्यापासून तिला त्रासाचे काम द्यायचे नाही. तेही तिने स्वतः मागणी केली तर. हिशेब केला तर ही मुदत साधारण तिसाव्या आठवड्याला सुरू होते. तोवर डोहाळजेवण होऊन गेलेले असते.

हे उत्तर आले गिरण्यांतून. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला आणि आपल्या नागपूरकडच्या मध्य प्रांतात पुढच्याच वर्षी. डोळ्यांपुढे होती ती तासन्‌तास उभी राहणारी, ओझे उचलणारी, पोट दिसू लागलेली कामगार बाई. १९६१ चा मातृत्व लाभ कायदाही त्याच नजरेने लिहिला गेला. शब्द मात्र मोठे व्यापक वापरले: दमवणारे काम, खूप वेळ उभे राहण्याचे काम, गर्भाच्या वाढीत अडथळा आणणारे काम आणि गर्भपात होण्याचा संभव असलेले काम.

आता याच कायद्याचे कलम ३ पाहा. तिथे गर्भपाताची व्याख्या दिली आहे: सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भाशयातला गर्भ बाहेर पडणे. म्हणजे कायद्याच्या लेखी गर्भपात सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच होऊ शकतो आणि गर्भपात घडवू शकणाऱ्या कामापासूनचे संरक्षण तिसाव्या आठवड्याला सुरू होते. कलम ३ आणि कलम ४ एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत. मी ती कितीदा तरी पुन्हा वाचली आहेत, वाचताना आपलीच काही चूक होते आहे का म्हणून. चूक होत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, त्याचे स्वागतच आहे. पण हा एक महिना जसाच्या तसा राहिला. या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच उतरला. दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या नर्सिंग होमला तर एवढेही बंधन नाही.

दुसरा गुंता शब्दाचा आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत चौथ्या महिन्यापर्यंत जे जाते तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यात जाते तो गर्भपात, असा स्वच्छ भेद होता. आजच्या मराठीत दोन्हींना गर्भपातच म्हणतात आणि मुद्दाम करवून घेतलेल्यालाही गर्भपातच. लिंगनिदानविरोधी कायदा १९९४ साली आला, पुढे भिंतीभिंतींवर घोषणा रंगवल्या गेल्या आणि या शब्दाला संशय चिकटला. ‘गर्भपात झाला’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘केला का?’ उमटते. म्हणून आमच्याकडच्या बाया तो शब्द तोंडातून काढत नाहीत. ‘मिस झालं’ म्हणतात, ‘खराब झालं’ म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. त्यात घरची शिकवण वेगळीच: कायले सांगतं एवढ्यात, तीन महिने होऊ दे. एएनसी म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा सरकारचा आग्रह असतो. पण नोंदणीच्या आधीच गेलेला गर्भ कोणत्या रजिस्टरात चढणार? चढलाच तर ‘अबॉर्शन’ म्हणून चढतो. ती बाई त्याच इमारतीत ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सांभाळते, हे तिथे कुठेच येत नाही.

शब्दाबद्दल इतके लिहिण्याचे कारण असे, की बाहेरच्या देशांत हा सगळा विषय उभा राहिला तो मोजणीवरच. सुरुवात भुलीच्या वायूंपासून झाली. १९६७ साली सोव्हिएत संघातल्या एका पाहणीत भूल देणाऱ्या महिला डॉक्टरांच्या ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपातात संपल्याचे नोंदवले गेले. आकडे लहान होते, तुलनेला दुसरा गटही नव्हता, पण जगभर खळबळ उडाली. १९७४ साली अमेरिकेत ऑपरेशन थिएटरमधल्या कर्मचाऱ्यांची देशव्यापी पाहणी झाली आणि १९७७ साली तिथे नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूसाठी हवेत दहा लाखांत २५ भाग अशी मर्यादा सुचवली गेली. आठवणीवर भरलेल्या प्रश्नावल्यांवर किती विसंबायचे हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि तो रास्तही आहे. ज्या बाईचे मूल गेले तिला कामाचा वास अधिक आठवतो.

तो वाद बराचसा हलका केला फिनलंडने. तिथे रुग्णालयातली प्रत्येक भरती नोंदली जात असे, त्यामुळे नोंदी आणि नोकरी एकमेकांना जोडून पाहता आली. १९८२ च्या तिथल्या अभ्यासात, उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या ज्या बायका गर्भारपणात इथिलीन ऑक्साइड या निर्जंतुकीकरणाच्या वायूच्या संपर्कात होत्या, त्यांच्यात गर्भपाताचे प्रमाण १६.७ टक्के निघाले. संपर्क नसलेल्यांत ते ५.६ टक्के होते. १९८५ साली कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांबाबत तिथूनच निष्कर्ष आला, की पहिल्या तिमाहीत ही औषधे हाताळणाऱ्यांत गर्भ जाण्याची शक्यता दुपटीहून अधिक. ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारण्यासाठीच बनवलेली असतात आणि सहा-आठ आठवड्यांच्या गर्भाइतके झपाट्याने काय वाढते? १९९२ साली अमेरिकेत दंतवैद्यांच्या मदतनीस बायकांवरचा अभ्यास आला. वायू बाहेर ओढून घेण्याची सोय नसलेल्या खोलीत आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रस ऑक्साइडमध्ये काम करणाऱ्यांना गर्भ राहायलाच उशीर लागत होता. हा वायू शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. २०१२ च्या अमेरिकी परिचारिकांवरच्या मोठ्या अभ्यासात कर्करोगाच्या औषधांबाबत धोका पुन्हा जवळपास दुप्पट दिसला आणि निर्जंतुकीकरणाच्या रसायनांचा संबंध बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताशी दिसला. यातले काहीही तिसाव्या आठवड्यापर्यंत थांबत नाही.

याच काळात विदर्भाच्या खेड्यांत काय चालले होते, ते कॅम्पच्या दिवशी दिसायचे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे कुटुंब नियोजन कॅम्प, हिवाळ्यात शेतीची कामे ओसरली की. दुर्बीण एक, बाया तीस-चाळीस. एक झाली की दुर्बीण पुसून सायडेक्सच्या उघड्या ट्रेमध्ये, पुढची टेबलावर. ट्रेजवळ उभ्या सिस्टरच्या डोळ्यांना धार लागलेली, साडीचा पदर नाकाला. शनिवारी संध्याकाळी ओटीचे फ्युमिगेशन, म्हणजे जंतुनाशक धुरी: वाटीत पोटॅशियम परमँगनेट, वरून फॉर्मॅलिन ओतायचे, धूर उठायच्या आत बाहेर पळायचे, दाराच्या फटींना चिकटपट्टी. सकाळी दार उघडायला पुन्हा सिस्टर किंवा वॉर्डातली मावशीच. ओटीचे असे नेहमीचे फ्युमिगेशन आता मार्गदर्शक सूचनांत सुचवले जात नाही, पण सवय सुटलेली नाही. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद खोलीत ही वाफ किती उठत असेल, ते तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

सायडेक्समधल्या ग्लुटारल्डिहाइडने दमा आणि हाताची कातडी बिघडते, हे नक्की ठरलेले आहे. गर्भावरच्या परिणामाचा पुरावा इथिलीन ऑक्साइडइतका ठाम नाही. शिवाय आपल्याकडे कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, रक्तक्षय घरोघरी आहे, आणि ड्युटी संपवून हीच बाई कपाशीच्या शेतात जाते, जिथे फवारणी चालू असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कामाच्या जागेचे रसायन माणूस मारते हे सगळ्यांनी मान्य केले. त्या रुग्णांच्या अंगावरचे भिजलेले कपडे काढणाऱ्या परिचारिकांचा विचार मात्र त्या चर्चेत झाला नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात हवेतल्या रसायनांच्या मर्यादा आल्या. पण तो कायदा कारखान्यांसाठी होता, वॉर्ड किंवा ओटी त्यात बसत नसे.

आता कर्करोगाची औषधे जिल्ह्यात येत आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या रुग्णाला केमोसाठी नागपूरच्या वाऱ्या कराव्या लागू नयेत, ही गरज खरीच आहे. पण कुपीत सुई घालून औषध ओढताना दाबाने बारीक फवारा उडतो. तो अडवण्यासाठी हवा आत ओढणारे बंद कपाट लागते, दुहेरी हातमोजे लागतात, पाणी न शोषणारा गाऊन लागतो. ते काम बहुधा कंत्राटी सिस्टरच्या वाट्याला येईल. तिची ऑर्डर अकरा महिन्यांची असते आणि नूतनीकरण तोंडावर असताना ‘मला दिवस आहेत’ हे ती आठव्या आठवड्यात कोणालाही सांगत नाही.